डबल बेल

कराडच्या स्टँडवर म्हसवडची एसटी भरली, तशी वनिता स्टेअरिंगवर बसली. लहानपणापासून तिला एसटीच चालवायची होती. मिळाली मात्र कंडक्टरकी. ड्रायव्हरांना निघायची डबल बेल देता देता निम्मी नोकरी सरली. यंदा ड्रायव्हर कमी पडले, तेव्हा खात्यानं कंडक्टर बायकांनाही गाडी शिकवली. आज पहिलीच फेरी, आणि कंडक्टर नेमके खडूस नाथाजी. त्यांनी बेलच्या दोरीला हातच लावला नाही, नुसता पत्रा बडवला. "ने गं बाई, जमंल तशी!" वनितानं इंजिन बंद केलं. "मास्तर, बेल." "तोंडानं सांगितलं की!" "बाकीच्या ड्रायव्हरांना तोंडानं सांगता व्हय? बेलबिगर गाडी हालायची न्हाई." उकाड्यानं वैतागलेले प्रवासी नाथाजींवरच ओरडले. त्यांनी चडफडत दोरी ओढली. टण्, टण्. पहिल्यांदाच बेल तिच्यासाठी वाजली होती. वनितानं आरशात पाहिलं. "ऐकू आलं न्हाई, मास्तर. जोरात."