शठारी

कावेरीकाठच्या त्या आडगावातल्या विष्णुमंदिरात तीन दिवसांनी कोणीतरी आलं होतं, एक म्हातारी. पुजारी सौम्यनारायण भट्टरांनी तिला हौसेने आख्यायिका सांगितली. एकट्या पडलेल्या भक्ताच्या मस्तकावर हात ठेवायला देव इथे वाकला, म्हणून मूर्ती अशी झुकलेली. मग शठारी, म्हणजे देवाची पावलं कोरलेला चांदीचा टोप, त्यांनी म्हातारीच्या डोक्यावर अलगद टेकवला.

म्हातारीने विचारलं, "तुमच्या डोक्यावर कोण ठेवतं, स्वामी?"

"बाबा ठेवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता देवळात मी एकटा, घरीही एकटाच."

"मला तर ती शठारी शिवता यायची नाही," ती पुटपुटली. तिने हात पदराला पुसला आणि सरळ त्यांच्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा, लेकरा."

सोवळ्यातल्या पुजाऱ्याला कोणी शिवत नाही. चूक ध्यानात येताच ती ओशाळून निघून गेली. भट्टरांना नैवेद्याआधी पुन्हा स्नान करणं आलं.

विहिरीवर त्यांनी खांद्यांवरून पाणी घेतलं, पाठीवरून घेतलं. डोक्यावर ओतायला मात्र कळशी उचलवेना.