पालकांसमोरचा तास

सातवीच्या वर्गात आम्हा पालकांना मागच्या बाकांवर बसवून बाईंनी गणिताचा तास घेतला. तपासणीला आलेले साहेब दाराशी बसून वहीत काहीतरी टिपत होते. भराभर हात वर होत होते, उत्तरं फटाफट येत होती. तेवढ्यात माझी लेक उठून म्हणाली, "बाई, ऋण गुणिले ऋण धन का येतं, ते मला समजलं नाही."

मी ओशाळून मान खाली घातली. बाईंनी मात्र शांतपणे फळ्यावर पुन्हा समजावलं. "आता समजलं, बाई," म्हणून ती खाली बसली. साहेबांनी मान डोलावली.

घरात पाऊल टाकताच मी तिला विचारलं, "अख्ख्या वर्गात तुलाच तेवढं समजलं नाही का गं?"

"अगं आई, ते पाठ केलेलं होतं! कोणी काय बोलायचं, ते बाईंनी आठवडाभर आधीच वाटून दिलं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तुला येतंय तर!"

ती बुटांच्या नाड्या सोडवत राहिली.

"नाही येत. म्हणून तर भांडून ते वाक्य मागून घेतलं. म्हटलं, त्या निमित्ताने तरी विचारता येईल."

"मग? बाईंनी सांगितलं की एवढं नीट."

"तरी नाही कळलं गं. पण पुढचं वाक्यही मलाच दिलेलं होतं."