दातांची खूण

हीट गनच्या गरम झोतात पूर्णिमाने तंबाखूच्या पाइपची काळी नळी धरली आणि ती वाट पाहू लागली. नळीच्या टोकाशी, डाव्या बाजूला, दातांनी पाडलेला खोल खड्डा होता. नळी एबोनाइटची होती, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. एबोनाइटला ऊब दिली की त्याला आपला मूळ आकार आठवतो. दबलेला भाग हळूहळू वर येतो.

खड्डा वर येऊ लागला. तिच्या नियमाप्रमाणे तो येऊ द्यायचा नव्हता.

जुन्या बाजारात मिळालेले बेवारशी पाइप ती पूर्ण कोरे करायची. पण कुणी घरातला पाइप आणून दिला, तर दातांची खूण ठेवायची आणि तंबाखू भरायच्या वाटीच्या आतला कोळशाचा पातळ थरही ठेवायचा. त्या खुणेवरून माणूस डोळे मिटून आपला पाइप ओळखतो.

ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई तंबाखूचे पाइप दुरुस्त करते, याची कोथरूडच्या त्या सोसायटीत गंमत होती. खालच्या मजल्यावरचे साने एकदा जिन्यात म्हणाले होते, "मॅडम, आमच्या बाथरूमचाही एक पाइप गळतोय."

"स्वच्छ धुऊन आणा, बघते," पूर्णिमा म्हणाली होती.

तंबाखूचा वास तिला सहन होत नसे. तो काढून टाकायला मात्र तिला आवडायचं.

हा पाइप मंगळवारी नम्रता नावाची चाळिशीतली बाई घेऊन आली होती.

"वडिलांचा आहे. ओढत नाहीत आता. रिकामाच तोंडात धरतात. पण वास फार येतो हो. स्वच्छ करून द्याल?"

"त्यांनाच घेऊन यायचं ना."

"ते बाहेर पडत नाहीत. काही लक्षातच राहत नाही त्यांच्या. सकाळी मला विचारतात, बाई, स्वयंपाक झाला का? मग मी हा हातात देते. दातांनी जरा चाचपतात आणि एकदम म्हणतात, नमू, माझा चष्मा कुठंय?" ती हसली. "तेवढंच उरलंय बघा आमच्यात."

"नाव काय त्यांचं?"

"डॉ. हिंदुराव जगदाळे. विद्यापीठात होते."

"ऐकलंय," पूर्णिमा म्हणाली आणि तिने पाइप ठेवून घेतला.

तरुणपणी जगदाळे सरांच्याच प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती. तिने तयार केलेलं संयुग सरांच्या पुतण्याच्या नावाने प्रसिद्ध झालं. तिचं नाव कुठेच नव्हतं. तिने तक्रार केली. चौकशी समितीसमोर सर खुर्चीत मागे रेलून बसले होते. डावीकडच्या दातांत हाच पाइप होता. तिचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रोज सकाळी जिच्या हातून तापमानाचे आकडे घ्यायचे, तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पाइप तोंडातून न काढताच विचारलं, "क्षमा करा, आपण कोण?"

समितीतले सगळे हसले. घरी पोचली तेव्हा तिच्या साडीला त्या तंबाखूचा वास येत होता. त्यानंतर तिने विद्यापीठात पाऊल ठेवलं नाही.

खड्डा पूर्ण वर आला. उरलेली कड तिने कानशीने घासली. मग पॉलिश पेपर फिरवला, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. वाटीत स्पिरिटचा कापूस भरून ठेवला आणि तो पिवळा व्हायचा थांबेपर्यंत बदलत राहिली. कोळशाचा थर लाकूड दिसेपर्यंत खरवडला. शेवटी पाइप नाकाशी धरला. कसलाही वास नव्हता. इतकं सुबक काम तिने आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

"अहो, तुम्ही कशाला एवढ्या लांब येता? मी येते की न्यायला," नम्रता फोनवर म्हणाली.

"मला धायरीत काम आहे."

धायरीत तिचं दुसरं काहीच काम नव्हतं.

सर खिडकीपाशी बसले होते. अंगावरचा स्वेटर त्यांना आता मोठा होत होता. नम्रताने पाइप उजेडात धरला. "अगं बाई, हा तर नवाच दिसतोय! बाबा, बघा तरी." तिने तो त्यांच्या हातात दिला. पूर्णिमा दाराजवळ उभी राहिली.

सरांनी पाइप डाव्या बाजूला धरला. दात नळीवरून घसरले. त्यांनी तो थोडा आत घेतला, थोडा बाहेर काढला, उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे आणला. जबडा चाचपत राहिला. पूर्णिमा हेच पाहायला आली होती. त्यांनी शोधत राहावं आणि त्यांना सापडू नये.

अखेर सरांनी पाइप तोंडातून काढला. वाटीचा वास घेतला. मग परक्याची वस्तू परत करावी तसा तो अदबीने पुढे केला.

"हा आमचा नव्हे."

"बाबा, तुमचाच आहे. स्वच्छ केलाय फक्त. धरा ना, नीट धरा."

सरांनी मान वर केली आणि निरखून पाहिलं. आवाज अजून तसाच होता.

"क्षमा करा," ते म्हणाले, "आपण कोण?"

पूर्णिमाच्या ओठांवर उत्तर तयार होतं. कित्येक वर्षं ती ते जपत आली होती. पण सर तिच्याकडे बघतच नव्हते.

"मी नमू, बाबा," नम्रता म्हणाली.