शिडी की पाहुणा

कर्णधाराचा घोटा टम्म फुगला होता. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी दाबला, कर्णधार बोंबलला आणि उद्या त्याने खेळायचं की नाही, हा प्रश्न तिथेच मिटला.

"तीन आठवडे विश्रांती," डॉक्टर म्हणाले.

संघाचे प्रशिक्षक असलेल्या सरांनी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. बचावफळीत चार नावं होती. त्यातलं डाव्या टोकाचं, कर्णधाराचं नाव त्यांनी तळहाताने पुसून टाकलं.

उद्याचा सामना हंगामातला शेवटचा. जिंकला तर क्लब याच गटात राहणार, नाहीतर एक पायरी खाली. त्या एका जागेसाठी माणसं दोनच होती. एक शिडी. एकोणीस वर्षांचा, उंच, काटकुळा, क्लबच्याच अकादमीत वाढलेला. दहा वर्षांचा असताना आला, तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या सर बांधून द्यायचे. दुसरा पाहुणा. चौतिशीचा, एका बड्या क्लबकडून सहा महिन्यांसाठी उसना आणलेला. हे नाव पोरांनी ठेवलं होतं आणि त्यानेही ते हसून चालवून घेतलं होतं. नावाजलेला गडी, पण नखरे नव्हते. सराव संपला की सरांच्या शेजारी येऊन बसायचा. अमक्याला डावीकडे का घेतलं, तमक्याला बाहेर का काढलं, शंभर प्रश्न विचारायचा. या वयातही शिकायची हौस आहे, म्हणून सरांना त्याचं कौतुक वाटायचं.

"यात विचार कसला करायचा?" मदतनीस प्रशिक्षक म्हणाला. "पाहुण्याने असले कितीतरी सामने पचवलेत. शिडीने मंगळवारी आपल्याच गोलात चेंडू मारला."

क्लबच्या अध्यक्षांनी तर आडपडदाच ठेवला नाही. "त्या पोराला खेळवलंत आणि हरलात, तर पुढच्या हंगामात तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी असेल. मागाहून म्हणू नका, सांगितलं नाही."

घरी जेवताना सरांचं लक्ष नव्हतं.

"अहो, जेवताय की ताटात नांगरणी चाललीय?" बायकोने विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"कुणाला घेऊ, तेच कळत नाहीये."

"मला विचारताय? मला अजून ऑफसाइड समजत नाही."

"तरी पण."

"अध्यक्ष काही बोलले नसते, तर कुणाला घेतलं असतं?"

सरांनी पुढचे चार घास भराभर खाल्ले. मग स्वतःहून आणखी वाढून घेतलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी पाहुणा बुटांच्या खोलीत एकटाच बसून तळव्यांना चिकटलेली माती खरवडत होता. सर त्याच्यासमोरच्या बाकावर टेकले.

"यादी लागायच्या आधी तुला सांगायला आलो. आज तू राखीव आहेस."

पाहुण्याचा हात थांबला. "का?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कारण हवं होतं.

"समोरच्या संघाचा उजव्या कडेचा विंगर वाऱ्यासारखा पळतो. तो काय करणार, ते तुला आधी कळेल. पण तू त्याला गाठणार नाहीस. शिडी गाठेल."

"आणि चुकला तर?"

"तर मी चुकलो. त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही."

"अध्यक्षांना सांगितलंत?"

"आता तिकडेच निघालोय."

पाहुण्याने मान डोलावली आणि पुन्हा माती खरवडायला घेतली.

सातव्याच मिनिटाला शिडी घसरला. विंगर चेंडू घेऊन सुसाट सुटला आणि गोल झाला. वरच्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांनी डोक्याला हात लावला.

"पाहुण्याला उतरवू?" मदतनीसाने कानाशी येऊन विचारलं.

"बसू दे त्याला."

"सर, अहो, तुमची नोकरी..."

"बस म्हटलं ना."

शिडीने बाजूला पाहिलं, तेव्हा सर फक्त टाळ्या वाजवत होते. पुढच्याच पळापळीत त्याने विंगरला गाठलं. मग पुन्हा गाठलं. मध्यंतरापर्यंत तो विंगर वैतागून मैदानाच्या दुसऱ्या कडेला पळून गेला होता. दुसऱ्या सत्रात क्लबने बरोबरी साधली आणि दहा मिनिटं उरली असताना दुसरा गोलही केला. शेवटच्या मिनिटाला क्लबचा गोलरक्षक पुढे आलेला, गोल मोकळा आणि चेंडू रेषेकडे निघालेला. कुठूनतरी शिडीचा लांबलचक पाय आला आणि चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला.

पंचांची शिट्टी वाजली, तशी माणसं कुंपणावरून उड्या मारून आत आली. मदतनीस गुडघ्यावर बसून ढसाढसा रडत होता. अध्यक्षांनी सरांना कडकडून मिठी मारली. "मी म्हणतच होतो, पोरात दम आहे!"

"हो, मीच ऐकत नव्हतो," सर म्हणाले.

कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी शिडीला कपड्यांसकट शॉवरखाली उभं केलं होतं. तो खिदळत होता, ओरडत होता, मधेच नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होता. सर दारात उभे राहून डोळे भरून बघत होते. तेवढ्यात पाहुणा फोन घेऊन आला.

"सर, एक मिनिट. आमच्या क्लबचे मालक आहेत. बोलायचं म्हणतात."

सरांनी फोन घेतला नाही. एवढा बडा क्लब आपल्यासारख्यांना फोन कशाला करतो, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

"इतक्यात नाही," ते म्हणाले. "सांग त्यांना. अजून दोन वर्षं त्याला माझ्या हाताखाली राहू दे. तुम्ही नेणार आणि बाकावर बसवून ठेवणार. पोरगं कोमेजून जाईल."

"सर, ऐका तरी."

"सहा महिने नजर ठेवून होतास ना? माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"त्यासाठीच पाठवलं होतं मला, खोटं कशाला बोलू?" पाहुण्याला हसू आवरेना. "पण शिडी राहू द्या तुमच्या क्लबकडेच." त्याने फोन सरांच्या हातात ठेवला. "त्यांना प्रशिक्षक हवाय."