छाप्याचे पंच

"साफ खोटं बोलतेय ही बाई!" टाऊन हॉलच्या मागच्या रांगेतून आरोळी आली आणि टाळ्या पडल्या.

यल्लव्वाने माइक सोडला नाही. पोलिसांना छाप्याचे जादा अधिकार देणाऱ्या कायद्यावर जाहीर चर्चा होती आणि वस्तीतर्फे बोलायला ती एकटीच आली होती. "मी धंदा करते, ते काय लपवत नाही. पण छाप्यात आम्हाला कपडेसुद्धा घालू देत नाहीत, तसंच रस्त्यावर ओढतात. पुरावा पाहिजे ना? पंच म्हणून आणलेले शेठ इथंच बसलेत. गळ्यातलं उपरणं त्यांनीच माझ्या अंगावर टाकलं. शेठ, तुम्ही सांगा."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. भांड्यांच्या दुकानाचे मालक बायकोशेजारून ताडकन उठले. "त्या गल्लीत मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही! हिला ओळखतही नाही!"

"ऐकलंत? हाकला तिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

यल्लव्वाला आपली चूक कळली. त्या दिवशी एवढा एकच माणूस माणसासारखा वागला होता, आणि आज त्यालाच आपण भर सभेत लोकांच्या तोंडी दिलं. तिने माइक खाली ठेवला.

शेठजी बसले. त्यांची बायको मात्र उठली.

"मला हिची वस्ती गावात नकोय," ती सभेला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "पण अहो, त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. का, ते मला सांगितलंत. आता यांनाही सांगा."