मनोरमाबाईंचे उपवास

मनोरमाबाई भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांडी पॉलिश करायच्या. घरात चपात्या कमी पडल्या की त्यांना हटकून उपवास आठवायचा. सोमवारी शंकराचा, बुधवारी विठोबाचा, गुरुवारी दत्ताचा आणि महिनाअखेरीला तेहतीस कोटींमधला जो मोकळा सापडेल त्याचा. “तू जेव रे, मला आज चालत नाही,” म्हणत ताट पोराकडे सरकवलं की झालं.

पोरगा, निहार, काशीमीऱ्याच्या एका गोदामात नोकरीला लागला. पहिल्या पगाराला तो आईला हायवेवरच्या हॉटेलात घेऊन गेला. शेजारच्या टेबलावरून मटणाच्या रश्श्याचा वास आला, तसा बाईंनी पदर खोचला आणि पाण्याचा ग्लास लांब सारला. उगाच पाण्यानं पोट भरायला नको.

“भैया, एक मटण थाली लाना,” निहारने वेटरला सांगितलं. मग मोठ्या मायेनं त्याने आईचा हात हातात घेतला.

 

“आणि आई, तू टेन्शन घेऊ नको. आज बुधवार, तुझा विठोबाचा. सकाळीच फोन करून तुझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायला सांगितलीय.”