एर्सिलियाबाईंचा श्वास

"आज किती आहे हो, जावईबापू?" एर्सिलियाबाईंनी बॅगेचा पट्टा आवळता आवळता विचारलं.

"सात पॉइंट आठ." लिसांद्रोने माशांच्या टाकीवरची नजरसुद्धा काढली नाही. "कालच्याइतकाच. वर चढायचं नाव नाही."

"चढेल. मी गेले की चढेल." म्हातारीने अंगावरचा लोकरी रुआना शालीसारखा नाकापर्यंत ओढून घेतला. हल्ली टाकीपुढून जायचं झालं की ती तोंड झाकूनच जायची.

चार महिन्यांपूर्वी ती लेकीकडे राहायला आली आणि टाकीतल्या प्रवाळांची टोकं पांढरी पडायला लागली. लिसांद्रोने कुठेतरी वाचलं, की बंद घरात माणसांच्या श्वासाने हवा जड होते, ती पाण्यात उतरते आणि पाण्याचा पीएच पडतो. वाचलं ते काही खोटं नव्हतं. मग काय, बोगोतातली ती थंडी, खिडक्या रात्रंदिवस सताड उघड्या, आणि खिडकीखालच्या सोफ्यावर ऐंशी वर्षांची बाई. ती खोकली की हा टाकीच्या पीएच मीटरकडे बघायचा. एक अक्षर बोलायचा नाही मेला, नुसता मीटरकडे बघायचा. शेवटी तिनेच विषय काढला, की सोगामोसोला नन्सच्या वृद्धाश्रमात जाते. नूबिया, तिची लेक, पोटभर रडली. पण "नको जाऊस" म्हणाली नाही.

म्हातारी उरलंसुरलं आवरायला आतल्या खोलीत गेली, तेवढ्यात बेल वाजली. लिसांद्रोचा मित्र विल्मार आला. त्याच्याकडेही अशीच टाकी होती. जांभळ्या प्रवाळाचा एक तुकडा तो कधीपासून मागत होता.

"मीटर शेवटचा कधी लावून घेतलास?" आल्या आल्या मीटरवरचा आकडा बघून त्याने विचारलं.

"लावून म्हणजे?"

"अरे, पीएच सातच्या पाण्यात मीटरची कांडी बुडवून बघायची असते ना!"

"घेतला तेव्हा बघितली होती. झालं असेल दीड वर्ष."

"दीड वर्ष! धन्य आहेस. महिन्याच्या महिन्याला बघायचं असतं ते."

विल्मारच्या खिशात तपासायच्या पाण्याच्या दोन पुड्या होत्याच. एक त्याने पेल्यात ओतली, कांडी धुतली आणि बुडवली. सात यायला हवं होतं. सहा पॉइंट पाच आलं. दुसरी पुडी फोडली. पुन्हा सहा पॉइंट पाच.

"अर्धा पॉइंट कमी दाखवतोय हा. म्हणजे तुझी टाकी आठ पॉइंट तीनला आहे, लेका! एकदम झकास. तू उगाच..." तो थांबला. "चुन्याची निवळी किती ओततोस रोज?"

"दुप्पट केलीय, पाचएक महिने झाले. पीएच चढावा म्हणून."

"मग टोकं पांढरी होतील नाहीतर काय! तू स्वतःच्या हाताने भाजलीस ती."

लिसांद्रोने आतल्या दाराकडे बघितलं. आत स्वयंपाकघरात नूबिया आईसाठी थर्मासमध्ये गुळाचं गरम पाणी भरत होती. दहा पावलं चालून चार शब्द बोलायचे होते, एवढंच काम होतं.

"हे बटण दाबलं की मीटर सरळ होतो," विल्मारने हात पुढे केला.

लिसांद्रोने त्याचं मनगट धरलं. "आत्ता नको. आधी जाऊ दे तिला."

"अरे, पण म्हातारीला तू यासाठीच..."

"हळू बोल. तिचा भाचा खाली ट्रक घेऊन उभा आहे. तिकडे आश्रमात खाट मिळालीय. आता कशाला घोळ? आणि बायकोला कुठल्या तोंडाने सांगू?"

विल्मार काहीतरी बोलणार होता. लिसांद्रोने बाही वर केली, टाकीत हात घातला आणि जांभळ्या प्रवाळाची फांदी कापली. मागितली होती त्याच्या दुप्पट. पाण्याच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली. विल्मारने पिशवी उजेडात धरून बघितली. रंग सुरेख होता. मग त्याने मीटरकडे पाठ केली.

एर्सिलियाबाई निघाल्या. टाकीपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या, श्वास रोखून माशांकडे बघितलं, आणि दारापाशी गेल्यावरच तो सोडला.

"चढला तर फोन कर हं, पोरी," त्या लेकीला म्हणाल्या. "मला तेवढंच समाधान."

बॅग लिसांद्रोने स्वतः उचलून खाली नेली. हो, स्वतः! वर आल्यावर आधी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग मीटर सरळ केला, कांडी टाकीत सोडली आणि आकडा ठरेपर्यंत थांबला.

"नूबिया! ये, ये, बघ!"

ती डोळे पुसत आली. मीटरवर आठ पॉइंट तीन होतं.

"इतक्यात?" ती म्हणाली.

"मी काय म्हणत होतो?"

नूबिया आईच्या सोफ्यावर बसली. विल्मार दारात पिशवी धरून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तिने फोन लावला. ट्रक अजून शहराबाहेरही पडला नसेल.

"हो, आई. चढला. आठ पॉइंट तीन."

म्हातारीचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू आला. ओझं उतरल्यासारखा, जवळजवळ आनंदाचा.

"बघ! म्हणजे मीच होते ना गं! बरं झालं बाई, निघाले ते." मग ती थोडा वेळ खोकली. "आणि ऐक, चार दिवस खिडक्या उघड्याच ठेवा हं. माझा श्वास राहिला असेल घरात."